इंजेक्शन दोन्ही पायांना, गुण एकालाच

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, एसटीत वाहक असलेल्या 41 वर्षांच्या बाईंचं हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्यांना नुसतं ताई म्हणू.

दुसऱ्या बाळंतपणानंतर ताईंच्या पायांवर निळ्या-जांभळ्या रेघा दिसायला लागल्या. आईच्याही पायाच्या शिरा फुगलेल्या होत्या, त्यामुळे घरात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. वाहकाच्या कामात उभं राहणं आलंच. भरल्या गाडीत एका हाताने दांडी धरायची, दुसऱ्या हातात तिकिटाचं मशीन, आणि गाडी वळली की सगळा भार एका पायावर. संध्याकाळपर्यंत डावा पाय जड व्हायचा, मोज्याचा वण घोट्यावर रुतलेला दिसायचा, रात्री पोटरीत गोळे यायचे. उजव्या पायाची तशी काही कुरकुर नव्हती. तिथे मांडीच्या बाहेरच्या बाजूला फक्त लाल-निळं जाळं होतं.

आमच्या शिरांच्या दवाखान्यात येण्यापूर्वीच्या हिवाळ्यात ताईंनी जिल्ह्याच्या ठिकाणी एका त्वचा-सौंदर्य क्लिनिकमध्ये दोन्ही पायांच्या जाळ्यांवर इंजेक्शनं घेतली होती. तीन सिटिंगचं पॅकेज होतं. पलंगावर आडवं झोपवलं, दिसतील त्या रेघांमध्ये बारीक सुईने औषध सोडलं, वर कापूस आणि पट्टी. उभं करून पाय पाहिले नाहीत, शिरांतलं रक्त कुठल्या दिशेने वाहतंय ते दाखवणारा सोनोग्राफीचा डॉप्लर झाला नाही. उजव्या मांडीवरचं जाळं दोनेक महिन्यांत जवळपास नाहीसं झालं. डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूचं जाळं आधी फिकं झालं, मग त्याच जागी तपकिरी डाग उमटले आणि भोवती केसापेक्षा बारीक लालसर रेषांचा एक नवाच पुंजका उगवला. तिसऱ्या सिटिंगला ताई गेल्या नाहीत.

रक्तस्राव

आषाढी यात्रेच्या जादा गाड्यांवर सलग ड्युटी करून ताई घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत गरम पाणी घेऊन बसल्या आणि वजरीने टाचा घासायला लागल्या. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढा एक जांभळा फुगवटा बरेच महिने होता. वजरी त्यावरून गेली आणि रक्ताची चिळकांडी समोरच्या भिंतीवर उडाली. दुखलं काहीच नाही. भिंत लाल दिसली तेव्हाच त्यांना कळलं.

सासूबाईंनी हळद दाबली. शेजारच्या बाईंनी गुडघ्याखाली ओढणी करकचून बांधली आणि ताईंना खुर्चीत बसवलं. रक्त थांबायच्या ऐवजी वाढलं, आणि ते वाढणारच होतं. हे रक्त धमनीचं नव्हे, शिरेचं. पायाच्या शिरेतलं रक्त खालून वर जात असतं, म्हणून वरच्या बाजूला आवळलं की त्याची परतीची वाट बंद होते आणि खालच्या भोकावरचा दाब आणखी चढतो. त्यात खुर्चीत पाय खाली सोडलेला.

गावातल्या डॉक्टरांनी आल्या आल्या ओढणी सोडली, ताईंना जमिनीवर आडवं झोपवलं, पाय भिंतीला टेकवून वर केला आणि कापसाच्या बोळ्यावर अंगठा दाबून धरला. काही मिनिटांत रक्त थांबलं. घट्ट पट्टी बांधून त्यांनी चिठ्ठी दिली: शिरांच्या डॉक्टरांना दाखवा, डॉप्लर करून घ्या. या सगळ्या प्रकरणातले सर्वांत अचूक निर्णय हेच होते, आणि ते आमचे नव्हते.

अशा रक्तस्रावाला लोक हसण्यावारी नेतात, कारण जखम टाचणीच्या टोकाएवढी असते. पण वय झालेला, एकटा राहणारा माणूस घाबरून बसून राहिला किंवा चक्कर येऊन पाय खाली लोंबकळत पडला, तर याच टाचणीएवढ्या भोकातून जीव जाऊ शकतो.

तपासणीत काय दिसलं

ताई आल्या त्या जाळ्याची आणि डागांची तक्रार घेऊन. रक्त आलं होतं, पण ते वजरीमुळे, असा त्यांचा हिशेब. आम्ही त्यांना आधी उभं केलं.

डाव्या पायावर तीन गोष्टी एकत्र होत्या. गुडघ्याखाली आतल्या बाजूने जाणारी, उभं राहिल्यावर फुगणारी वेडीवाकडी शीर. घोट्याच्या आतल्या बाजूला पंख्यासारखा पसरलेला बारीक निळ्या शिरांचा झुबका, त्यातच तो फुटलेला फुगवटा. आणि त्याच्या वर तपकिरी, किंचित चकाकणारी कातडी. शिरांच्या आजाराची सीईएपी नावाची जी वर्गवारी जगभर वापरतात, तिच्यात 1 मिमीपेक्षा बारीक लाल-निळ्या रेघा आणि 3 मिमीपर्यंतच्या जाळीदार शिरा सी-1 मध्ये येतात, 3 मिमी आणि त्याहून जाड फुगलेल्या शिरा सी-2 मध्ये. घोट्याचा तो पंखा मात्र 2020 च्या सुधारित आवृत्तीत थेट सी-4 मध्ये गेला आहे, कातडी काळवंडण्याच्या पंगतीत. म्हणजे ताई ज्याला जाळं म्हणत होत्या त्यातला गुडघ्याजवळचा भाग सी-1 आणि घोट्याजवळचा सी-4. दिसायला दोन्ही सारखेच निळे.

डॉप्लर उभ्यानेच केला. घोट्याच्या आतल्या बाजूपासून जांघेपर्यंत त्वचेखालून जाणारी ग्रेट सॅफेनस ही लांब शीर डाव्या मांडीत 6 मिमी रुंद होती. पोटरी दाबून सोडली की तिच्यातलं रक्त वर जाऊन पुन्हा खाली येत होतं, तीन सेकंदांहून जास्त वेळ. अर्ध्या सेकंदापर्यंत ते निरोगी माणसातही चालतं. रक्त उलटं येऊ न देणारी जांघेतली झडप निकामी होती आणि तिथून उलटा येणारा लोंढा गुडघ्याखालच्या शिरेत, तिथून घोट्याच्या पंख्यात उतरत होता. खोल शिरा मोकळ्या होत्या, गाठ कुठेही नव्हती. उजव्या पायात सगळ्या झडपा शाबूत.

इथे उलगडा झाला की एकाच माणसाच्या दोन पायांवर, एकाच हाताने, एकाच औषधाने केलेल्या उपचाराचे निकाल इतके वेगळे का आले. उजव्या मांडीचं जाळं एकटं होतं, त्याला मागून कुणी रक्त पुरवत नव्हतं. डावीकडे स्लॅबला गळती असताना खोलीत रंग मारल्यासारखं झालं होतं. निश्चल उभं असताना घोट्याच्या शिरेतला दाब 80-90 मिमी पाऱ्याएवढा असतो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि निरोगी पायात तो 30 च्या खाली येतो. ताईंच्या डाव्या पायात चालूनही तो पुरेसा उतरत नसणार. बारीक शिरा बंद केल्या तरी मागचा दाब नव्या बारीक वाटा शोधतो. लाल रेषांचा जो पुंजका उगवला, त्याला मॅटिंग म्हणतात. फार जोराने किंवा फार तीव्र औषध सोडल्यानेही ते होतं, हार्मोन्समुळेही होतं, पण मागची नादुरुस्त शीर न पाहता जाळ्यावर सुई चालवली की हमखास संशय घ्यावा असं ते चिन्ह.

आधीच्या क्लिनिकच्या कागदावर रक्कम होती, पण औषधाचं नाव नव्हतं, टक्केवारी नव्हती, किती मिली दिलं तेही नव्हतं. त्यामुळे औषध तीव्र होतं की कसं, हे ठरवायचा मार्गच उरला नाही.

समोरचे पर्याय

ताईंपुढे पर्याय ठेवले, नवराही सोबत होता.

नुसते दाबाचे मोजे. खर्च कमी, पण झडप दुरुस्त होत नाही. मोजे काढले की दाब होता तिथे येतो. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शनातही दुसरा उपचार शक्य असताना नुसत्या मोज्यांवर भागवू नका असंच आहे. एकदा रक्त फुटलेल्या पायाला ते पुरेसं नव्हतं.

फक्त घोट्याचा पंखा आणि जाळं पुन्हा इंजेक्शनने बंद करणं. लगेच करता येतं, पण डावीकडचा आधीचा अनुभव समोरच होता.

मांडीतली मुख्य शीर लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने आतून तापवून बंद करणं. आमची पहिली पसंती हीच, आणि नाइसच्या क्रमवारीतही ही पहिली. एका सुईच्या वाटेने आत जाता येतं, भूल तेवढ्याच जागेची, त्याच दिवशी घरी. अडचण पैशाची, कारण आत घालायचा फायबर एकदाच वापरायचा असतो.

मुख्य शिरेतच सोनोग्राफीवर पाहत फेसाचं इंजेक्शन देणं, म्हणजे फोम स्क्लेरोथेरपी. खर्च लेझरच्या तुलनेत बराच कमी, भूल लागत नाही, पुन्हा करता येतं. पण पुन्हा करावं लागण्याची शक्यताही जास्त. ब्रिटनमध्ये 798 रुग्णांवर फोम, लेझर आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. तिच्या 2019 मध्ये छापून आलेल्या पाच वर्षांच्या निकालात पायांच्या तक्रारींच्या मोजपट्टीवर लेझर आणि शस्त्रक्रिया फोमपेक्षा सरस ठरल्या.

उरली शस्त्रक्रिया, शीर ओढून काढण्याची. ती सरकारी रुग्णालयात होऊ शकली असती. ताईंनी सुट्ट्यांचा हिशेब घातला आणि विषय तिथेच मिटला.

पहिला निर्णय: क्रम मोडायचा

या उपचारात एक साधा क्रम पाळतात. आधी मुख्य शीर, मग तिच्या फांद्या, जाळं सगळ्यात शेवटी. वरचा दाब काढला की खालचं बरंच आपोआप ओसरतं आणि सुया कमी लागतात.

घोट्यापुरता आम्ही हा क्रम मोडला. मुख्य शिरेचं ठरेपर्यंत काही आठवडे जाणार होते आणि तोवर ताई पुन्हा त्याच गाडीत उभ्या राहणार होत्या. म्हणून जखम भरून कोरडी होताच त्या झुबक्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक शिरेत पोलिडोकॅनॉल या शीर बंद करणाऱ्या औषधाचा 1 टक्क्याचा फेस दिला, अगदी थोडा. घोट्याच्या आतल्या हाडामागून पावलाला रक्त नेणारी एक मुख्य धमनी जाते. तिच्यात हे औषध चुकून गेलं तर कातडी आणि स्नायू सडतात. त्यामुळे इथे डोळ्यांना शीर दिसत असली तरी सुई सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहूनच घातली. फुगवटा महिन्याभरात सुकून सपाट झाला.

तो हिशेबाने तात्पुरता उपाय होता, आणि ताईंना तसंच सांगितलं. वजरी मात्र घोट्यापासून कायमची लांब.

दुसरा निर्णय: पॉलिसीसाठी थांबायचं का?

नवऱ्याच्या नावावर आरोग्य विमा होता. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्ससाठी, म्हणजे अशा फुगलेल्या शिरांसाठी, सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ असतो. यांच्या पॉलिसीत तो दोन वर्षांचा होता आणि अजून आठ महिने बाकी होते. जाळ्याची इंजेक्शनं सौंदर्योपचारात धरतात, ती कधीच मिळणार नव्हती. पण लेझर आठ महिन्यांनी मिळालं असतं.

म्हणजे प्रश्न असा: घोट्याची जागा बंद झाली आहे, मोजे घालून आठ महिने काढायचे आणि मग लेझर करायचं, की आता खिशाला परवडणारा फोम करायचा आणि पुढे डागडुजी लागेल हे धरून चालायचं? आमच्यातच दोन मतं होती. सहकारी थांबायच्या बाजूचे. मला त्या काळवंडलेल्या कातडीची काळजी वाटत होती. सी-4 चा पाय वर्षभर तसाच दाबाखाली ठेवला तर पुढचा टप्पा म्हणजे घोट्यावर न भरणारी जखम, आणि ती आली की वाहकाची नोकरीच धोक्यात. शिरेची रुंदी 6 मिमी, म्हणजे फोमला जमण्यासारखी. 10 मिमी असती तर मीही थांबा म्हटलं असतं.

ताईंचं उत्तर व्यवहाराचं होतं. "सर, आठ महिन्यांत उन्हाळा येतोय. एप्रिलच्या उन्हात हे मोजे घालून मी गाडीत उभी राहीन असं तुम्हाला खरंच वाटतं का?" फोम ठरला.

तिसरा निर्णय: गौरी आणि गोळ्या

संमतीपत्र वाचताना गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या घेता का, हा प्रश्न येतो. ताई नाही म्हणाल्या. सोबत आलेल्या नणंदेने त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा हळूच आलं: गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला दरवर्षी गोळ्या घेतात, यंदाही घेणार. गावच्या मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय.

या गोळ्यांमध्ये बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. पाळी ढकलण्याच्या मात्रेत त्यातला काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि खोल शिरेत गाठ होण्याचा धोका वाढतो. आता फेसाने एक मोठी शीर मुद्दाम बंद करायची आणि त्याच दिवसांत या गोळ्या, हे जुळत नव्हतं. "गोळ्या बंद" असं सांगता आलं असतं. ताईंनी मान डोलावली असती आणि आम्हाला न सांगता घेतल्याही असत्या, कारण घरात पूजेचं त्यांच्याशिवाय कोण बघणार हा प्रश्न आमच्या चिठ्ठीने सुटत नव्हता. शिवाय गौरींचे तीन दिवस बाईमाणूस टेकते कधी?

म्हणून आम्ही फोमच पुढे ढकलला. गौरी होऊ दे, शेवटच्या गोळीनंतर काही आठवडे जाऊ दे, तोवर मोजे. दसरा आणि दिवाळी यांच्या मधला पंधरवडा ठरला. दिवाळीच्या जादा गाड्या लागायच्या आत सुट्टी मिळण्याची तीच वेळ होती.

ताईंचं हिमोग्लोबिन 9.8 होतं आणि लोहाच्या गोळ्या चालू होत्या. लोहामुळे इंजेक्शननंतरचे डाग गडद होतात असं मानून काही डॉक्टर त्या थांबवतात. एवढ्या कमी रक्तावर डागासाठी लोह थांबवणं आम्हाला पटलं नाही. अर्धशिशी, दम लागणं, हृदयाला जन्मजात छिद्र असल्याचा काही इतिहास याचीही चौकशी केली. फेसातले बुडबुडे हृदयाच्या छिद्रातून डावीकडे गेले तर दिसण्यात तात्पुरता बिघाड, क्वचित त्याहून गंभीर काही होऊ शकतं. ताईंना तसं काही नव्हतं.

फोमचा दिवस

दोन सिरिंज, मध्ये तीन तोंडांचा कॉक. एका सिरिंजमध्ये 1 मिली सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, दुसऱ्यात 4 मिली हवा. दट्टे वीसेक वेळा इकडून तिकडे ढकलले की पांढरा, घट्ट फेस होतो. ही युक्ती इटलीच्या तेस्सारी यांची, 2000 सालातली. तोवर फेस करायला खटाटोप लागायचा. फेस दोन-तीन मिनिटांत विरघळायला लागतो, म्हणून शिरेत सुई बसल्यावरच तो तयार करायचा.

द्रव औषध रक्तात मिसळून पातळ होतं. फेस रक्ताला पुढे ढकलतो आणि शिरेच्या भिंतीला सगळीकडून चिकटतो. औषध साबणासारख्या जातीचं आहे. ते शिरेचं आतलं अस्तर खरवडतं, भिंती एकमेकींना चिकटतात आणि काही महिन्यांत त्या शिरेची दोरी होऊन ती शरीरात जिरते. पडद्यावर फेस लख्ख पांढरा दिसतो, त्यामुळे तो जांघेकडे कुठवर चढला ते कळतं.

मुख्य शिरेला 3 टक्के, खालच्या फांद्यांना 1 टक्का. एकूण फेस 10 मिलीच्या आत, ती एका बैठकीची मर्यादा. पाय वर उचललेला, आणि दर थोड्या वेळाने ताईंनी पाऊल वर-खाली करायचं, म्हणजे खोल शिरेत घरंगळलेला फेस वाहून जातो. मग मांडीपर्यंतचा वर्ग-2 चा, म्हणजे मध्यम दाबाचा, मोजा चढवून त्यांना दवाखान्याच्या आवारात चालायला पाठवलं.

मोजा चढवणं ही स्वतंत्र विद्या आहे. पुढून उघड्या मोज्याला एक सोपी तोड आहे: पावलावर आधी गुळगुळीत कॅरीबॅग घालायची, वरून मोजा सरकवायचा आणि बोटांच्या तोंडातून पिशवी ओढून घ्यायची. ताईंनी ती पहिल्याच झटक्यात उचलली आणि आगारातल्या दुसऱ्या दोघींना शिकवली, असं नंतर कळलं.

ड्युटीबद्दल त्यांनी आपल्या मनाने एक ठरवलं होतं: लांब पल्ल्याची गाडी मागून घ्यायची, म्हणजे बसायला मिळेल. आम्ही उलट सांगितलं. फोमनंतरच्या दिवसांत सहा तास पाय लोंबकळत ठेवून बसणं उभं राहण्याइतकंच वाईट. जवळच्या फेऱ्या घ्या, प्रत्येक स्टँडवर उतरून चाला.

मुक्कामी गाडीवरून फोन

दिवाळीच्या धामधुमीत जवळच्या फेऱ्यांचं आश्वासन कागदावरच राहिलं आणि ताईंना मुक्कामी गाडी लागली. डोंगरातल्या एका गावातून रात्री साडेनऊला फोन: पोटरी ठणकतेय, हात लावला की गरम लागतेय.

फोमनंतर बंद झालेल्या शिरेत थोडं रक्त अडकून ती दोरीसारखी कडक आणि दुखरी होणं अपेक्षितच असतं. पण खोल शिरेतली गाठही पोटरीच्या दुखण्यानेच सुरू होते. फोनवर विचारलं: दुखणं एका रेघेत आहे की पूर्ण पोटरीत? पाय सुजून दुसऱ्यापेक्षा जाड झालाय का? छातीत दुखतंय, धाप लागतेय? ताईंनी बोट फिरवून सांगितलं, एका रेघेत, सूज नाही, श्वासाचं काही नाही. त्या गावातून रात्री निघायला वाहन नव्हतंच. धाप किंवा छातीत दुखणं सुरू झालं तर 108 ला फोन, नाहीतर पहाटेच्या पहिल्या फेरीने सरळ आमच्याकडे. वेदनाशामक गोळी, आणि खोलीतल्या खोलीत चालणं.

सकाळी डॉप्लरमध्ये खोल शिरा मोकळ्या होत्या. गुडघ्याखालच्या बंद शिरेत रक्त साकळलं होतं. जाड सुईने टोचून ते काळपट, काकवीसारखं रक्त दाबून बाहेर काढलं. दुखणं तिथल्या तिथे उतरलं, आणि आत साठलेलं रक्त निघाल्याने पुढचा डागही कमी पडतो.

परिणाम

थंडीत डाव्या पायाचा जडपणा गेला, गोळे थांबले, घोट्याचा पंखा बराच मावळला. जाळ्याकडे आम्ही तीन महिने मुद्दाम पाहिलं नाही. एवढ्या काळात निम्मंअधिक जाळं आपण होऊन फिकं झालं. उरलेल्यावर 0.5 टक्का पोलिडोकॅनॉल, द्रवरूपात, केसाएवढ्या सुईने. या औषधाची दिवसाची कमाल मात्रा किलोमागे 2 मिलिग्रॅम. ताईंचं वजन 58 किलो, म्हणजे 116 मिलिग्रॅम. लागलं अवघं 20. पोलिडोकॅनॉल मुळात जागा बधिर करण्यासाठी तयार झालेलं औषध, त्यामुळे ते फारसं झोंबतही नाही.

मॅटिंगचा पुंजका पूर्ण गेला नाही. गुडघ्याजवळ त्याची हलकी लाली अजून आहे आणि त्यात आणखी सुया खुपसायच्या नाहीत असं ठरलं. पोटरीवर एक तपकिरी रेघ राहिली. असे डाग वर्षभरात बहुतेकांचे फिकटतात, ताईंची रेघ सावकाश फिकटते आहे. नडगीवरची काळवंडलेली कातडी मऊ झाली, पण मूळ रंगावर आली नाही, येणारही नाही. रक्तस्राव पुन्हा झाला नाही.

एप्रिलच्या डॉप्लरमध्ये मांडीतली शीर वरून बंद होती, पण गुडघ्याच्या वर साधारण 8 सेंमीचा एक तुकडा पुन्हा उघडला होता. तक्रार काही नव्हती. अशा वेळी नुसतं लक्ष ठेवणंही चालतं. पण तो तुकडा नेमका घोट्याकडे जाणाऱ्या फांदीला रक्त पुरवत होता, म्हणून 3 मिली फेस देऊन तो बंद केला.

वेगळं काय करता आलं असतं

आधीच्या क्लिनिकमध्ये ताईंना पाच मिनिटं उभं केलं असतं तर गुडघ्याखालची फुगलेली शीर दिसली असती आणि डॉप्लर आपोआप सुचला असता. प्रत्येक जाळ्याला डॉप्लर लागतोच असं नाही. उजव्या पायाला तो न करताही काही बिघडलं नाही. पण एकाच पायात जडपणा, घोट्याजवळ पंखा, कातडीचा बदललेला रंग किंवा घरात शिरांचा इतिहास, यातलं काहीही असेल तर सुई नंतर.

आमच्या बाजूने दोन गोष्टी. हार्मोनच्या गोळ्यांचा प्रश्न आता आम्ही "पाळी मागेपुढे करायला काही घेता का" असा, पहिल्याच भेटीत आणि नवरा-सासू बाहेर असताना विचारतो. आणि ड्युटीची सूचना तोंडी न देता आगारप्रमुखांच्या नावे चिठ्ठी दिली असती तर ती मुक्कामी गाडी कदाचित टळली असती. ताईंना चिठ्ठी नको होती, आजारी म्हणून नोंद होईल ही भीती. त्या भीतीवर अर्धा तास बोलायला हवं होतं.

फोम की थांबून लेझर, यावर आमच्यात अजून एकमत नाही. तो तुकडा उघडा सापडला त्याच महिन्यात पॉलिसीचा प्रतीक्षाकाळ संपला होता. सहकाऱ्यांचं म्हणणं, थांबलो असतो तर एकाच लेझरमध्ये, विम्याच्या पैशांत, हे सगळं आटोपलं असतं. माझं म्हणणं, मधल्या महिन्यांत त्या घोट्याचं काय झालं असतं हे कुणीच सांगू शकत नाही, आणि दुरुस्तीला लागला तो 3 मिली फेस. ताईंना विचारलं तेव्हा त्या पॉलिसीचे कागद घेऊनच आल्या होत्या. कार्ड पर्समध्ये परत ठेवत म्हणाल्या, "राहू दे, यांच्या गुडघ्याला लागेल." पुढचा डॉप्लर वर्षाने आहे. त्याआधी पाय जड वाटला, घोट्याला खाज सुटली किंवा नवा फुगवटा दिसला तर तारखेची वाट न बघता यायचं, असं त्यांच्या कागदावर लिहून दिलं आहे. औषधाचं नाव, टक्केवारी आणि मिलीसुद्धा.